माझीच यादी मला विकली: स्टॉप मोशनच्या कॅमेऱ्यापायी गेलेले २६,३४९ रुपये

काल रात्री ऑनलाइन ग्रुपवर तेच पाच फोटो पुन्हा दिसले. तीच निळ्या चौकड्यांची चादर, तोच कॅमेरा, आणि तिसऱ्या फोटोत तीच लेन्स. घरी क्लेचं ॲनिमेशन करायला कोणता कॅमेरा घ्यावा, असं एका मुलाने विचारलं होतं. खाली उत्तर होतं, "दादा, तुम्हाला हवंय तेच माझ्याकडे आहे, मेसेज करा." हेच उत्तर जूनमध्ये मला आलं होतं, फक्त 'दादा'च्या जागी 'ताई' होतं. त्या एका ओळीपासून पुढे माझे २६,३४९ रुपये गेले. दोन महिने मी हे फारसं कुणाला सांगितलं नाही, शाळेत तर नाहीच. पण तो विकणारा ठग अजून राजरोस बसलाय, म्हणून लिहितेय.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. गेली दोन वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन फोनवर स्टॉप मोशन करतेय, म्हणजे वस्तू जराजरा हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते मागोमाग चालवून फिल्म करायची. शाडू वाळली की तडकते, म्हणून प्लॅस्टिसिनचे प्राणी, पुठ्ठ्याचं तळं, आणि दोन बाकांवर आडवी फळी टाकून तिच्यावर फोन. पहिली फिल्म बेडकाची केली. बेडूक उडी मारायच्या आधी आख्खं तळं बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकतं, कारण कुणाच्या हाताची सावली पडली की फोन आपणहून उजेड वाढवतो, हात काढला की कमी करतो. मुलांनी चार दिवस खपून केलेलं काम असं लुकलुकताना बघवत नव्हतं. तेव्हा खरा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचे उन्हाळी वर्ग घेऊन जमवलेले पैसे होते. घरखर्चाला हात लावला नव्हता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो.

आणि मी आंधळेपणाने गेले नव्हते. महिनाभर वाचत होते. स्टॉप मोशनला नवा महागडा कॅमेरा लागत नाही. फोर-के, म्हणजे अगदी स्पष्ट व्हिडिओच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल (ठिपके) असतात, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा १८ मेगापिक्सेलचा, म्हणजे १ कोटी ८० लाख पिक्सेलचा डीएसएलआरसुद्धा पुरून उरतो. व्हिडिओ कसा निघतो, फोकस किती झटपट होतो, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. आपल्याला लागतं ते एवढंच: सगळं मॅन्युअल ठेवता आलं पाहिजे, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याला समोर जे दिसतंय ते, केबलने कॉम्प्युटरवर दिसला पाहिजे, आणि मध्येच बॅटरी बदलताना कॅमेरा हलू नये म्हणून भिंतीतल्या प्लगवर चालणारी डमी बॅटरी मिळाली पाहिजे.

आणि लेन्स. सगळी गोम लेन्समध्ये आहे. हल्लीच्या लेन्समधलं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, कॅमेरा विजेवर मिटवतो, आणि प्रत्येक फोटोला ते केसभर कमीजास्त मिटतं. एकेका फोटोत हे कळत नाही. सेकंदाला बारा फोटो मागोमाग लावले की पडदा थरथरायला लागतो. म्हणून जाणकार जुनी लेन्स वापरतात, जिच्यावर ॲपर्चरची रिंग असते आणि ती हाताने फिरवून एका जागी ठेवता येते. निकॉनच्या जुन्या लेन्स एका पातळ ॲडॉप्टर रिंगने कॅननच्या बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, बसतात. २००५ सालचा 'कॉर्प्स ब्राइड' हा अख्खा चित्रपट असाच, कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर निकॉनच्या लेन्स लावून काढलेला आहे.

हे सगळं मी एका ग्रुपवर माझ्या प्रश्नात लिहिलं. कॅननचा ७०० डी हा डीएसएलआर चालेल का, सोबत ॲपर्चरची रिंगवाली जुनी निकॉन ३५ एमएम लेन्स हवी, डमी बॅटरी हवी, बजेट १७ हजारांपर्यंत. शेवटी गावाचं नावही घातलं. म्हणजे काय बोललं की मी विरघळेन, ते मीच लिहून दिलं होतं.

वीस मिनिटांत त्याचा मेसेज आला. ७०० डी, रिंगवाली निकॉन ३५ एमएम, डमी बॅटरी, सगळ्याचे मिळून १६,५००. माझीच यादी त्याने मला वाचून दाखवली आणि मला वाटलं, नशीब उघडलं! आता कुणालाही सांगते, प्रश्न विचारा, पण यादी आणि बजेट एका जागी लिहू नका. विकणाऱ्याने आपल्याकडे काय आहे ते आधी सांगू दे.

तो शुद्ध मराठी बोलायचा. ॲनिमेशनचा कोर्स संपवलाय, डिप्लोमा फिल्म याच कॅमेऱ्यावर केली, आता बंगळुरूला नोकरी लागली म्हणून विकतोय, असं म्हणाला. शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारला तर म्हणाला ८,२००. मी कागदावर हिशेब मांडला. सेकंदाला बारा फोटो म्हणजे मिनिटाला ७२०. त्याची फिल्म पाच मिनिटांची, म्हणजे ३,६००, वर चाचण्या आणि रीटेक. आकडा जुळला, आणि आकडा जुळतोय म्हणजे माणूस खरा आहे असं मी धरून चालले. तो आकडा त्याने दाखवलाच नव्हता, नुसता सांगितला होता. ७०० डीच्या मेनूत शटर काउंट दिसत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. मी स्क्रीनशॉट मागायला हवा होता.

वर तो म्हणाला, "ताई, एक सांगतो, माझी ॲडॉप्टर रिंग मोडलीय, तेवढी तुम्हाला वेगळी घ्यावी लागेल." स्वतःच्या मालातली खोट स्वतः सांगणाऱ्यावर कोण संशय घेईल? मी त्याच रात्री ६४० रुपयांची रिंग दुसरीकडून मागवली. ती मात्र व्यवस्थित आली.

आता तो तिसरा फोटो. यावर मी किती रात्री जागले आहे ते माझं मला माहीत. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाक आटोपून ओट्यापाशी उभी होते आणि फोटो बोटांनी मोठा करून बघत होते. कॅमेऱ्यावर लेन्स होती. तिच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत १८-५५ लिहिलेलं स्पष्ट वाचता येत होतं. ही कॅननची नेहमीची किट लेन्स, कॅमेऱ्याबरोबर येते ती. तिच्यावर ॲपर्चरची रिंग नसते. ज्या एका वस्तूसाठी माझा सगळा खटाटोप चालला होता, ती पाचपैकी एकाही फोटोत नव्हती. हे मला दिसलं. मी विचारलंसुद्धा. "ती पॅक करून ठेवलीय ताई, जुनी काच आहे ना, तुमच्यासाठीच बबल रॅपमध्ये गुंडाळलीय."

"ते उघड आणि रिंग फिरवून दाखव." एवढंच म्हणायचं होतं. दहा सेकंदांचा व्हिडिओ. वर्गात मुलगा 'वही घरी राहिली' म्हणाला तर मी त्याला दप्तर उघडायला लावते. इथे मात्र मला संकोच वाटला. पोराने जपून पॅक केलंय, परत कशाला उघडायला लावायचं, असा विचार केला. व्हिडिओ कॉलचं विचारलं तर हॉस्टेलवर रेंज नाही म्हणाला. हॉस्टेलवर रेंज नाही आणि फोटो मात्र पटापट येतायत, हेही मला खटकलं नाही. त्याच ओट्यापाशी उभं राहून मी बुकिंगचे २,१०० पाठवले. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं आलं. मामाचं खातं आहे, म्हणाला. पिन टाकायच्या आधी पडद्यावर जे नाव येतं ते विकणाऱ्याचं नसेल तर तिथेच थांबा. मामा नाही, काका नाही, दुकानाचा क्यूआर नाही.

पुढचं सगळ्यांना ओळखीचंच आहे, भराभर सांगते. शुक्रवारी सकाळी पार्सलचा फोटो आणि कुरिअरची पावती आली, मी उरलेले १४,४०० पाठवले. दुपारी 'कुरिअर ऑफिस'मधून हिंदीत फोन: नाजूक माल आहे, विम्याचे ३,९९९ भरा, माल हातात पडला की परत मिळतील. भरले. संध्याकाळी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद, नाही म्हणून गाडी अडवलीय, दंड ५,८५०, तोही परत मिळेल. तोही भरला, कारण तोवर १६,५०० त्या गाडीत अडकले होते. या दोन रकमा का भरल्या असं जे मला विचारतात त्यांना एकच सांगते, पहिले पैसे वाचवायला भरल्या. नंतर आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्या काकांनी सांगितलं की पन्नास हजारांच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागतच नाही. 'परत मिळणारे पैसे' हे शब्द कानावर पडले की फोन ठेवा. शनिवारी आणखी ८,२०० मागितले. तोच आकडा, शटर काउंटचा. तो आकडा ऐकला आणि माझे हातपाय गार पडले.

दोन रात्री मी गप्प बसले. ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन केला तर समोरच्या खात्यातले पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येतात. मी सोमवारी केला. शरम नंतर करा, फोन आधी करा. तिथून तक्रारीचा क्रमांक येतो, तो जपून ठेवा, पुढे प्रत्येक टेबलावर तोच मागतात.

आणि टेबलं किती! पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दीड तास बाकावर. मग साहेबांनी विचारलं, "स्टॉप मोशन म्हणजे काय?" मी बेडूक, माती, फोटो सगळं समजावलं. "म्हणजे कार्टून. मॅडम, तुम्ही शिक्षिका ना?" दोनदा विचारलं, शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल असं. गुन्हा नोंदवा म्हटलं तर साधा अर्ज लिहून घेतला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सायबरला जा म्हणाले. रजा टाकून, एसटीने दोन तास जाऊन तिथे पोचले, तर रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच होईल, म्हणून परत पाठवलं. ठाण्यात परत गेले तर अर्ज घेणारे सुट्टीवर, आणि अर्ज कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तर गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो असं लिहिलंय. हे मी घरी बसून वाचलं आणि चौथ्या खेपेला कागदावर उतरवून नेलं. तेव्हा कुठे पोच मिळाली. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. मी पहिल्या दिवशी तशीच निघाले होते.

बँकेची तऱ्हा वेगळी. शिक्क्याचं स्टेटमेंट मागायला गेले तर मॅनेजर म्हणाले, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, हा व्यवहार तुमच्या मर्जीचा, यात बँक काही करू शकत नाही. न विचारता खात्यातून पैसे गेले असते तर ग्राहकाला संरक्षण देणारा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम लागू झाला असता. मी फसून दिले, म्हणजे मी दिले. हा फरक मला त्यांनी तीन वेळा समजावला, पण स्टेटमेंटवर शिक्का मारायला पाच दिवस लावले. बँकेकडे तक्रार लेखीच द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझे तीस दिवस मागच्या आठवड्यात झाले.

एका खात्यात माझे ३,१०० रुपये गोठवलेत असं कळलंय. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला सांगितलं. वकिलांनी त्याची फी ४,००० सांगितली. त्या खात्याचा धनी कोण, त्याचा पत्ता काय, हे बँकेकडे आहे, केवायसी केल्याशिवाय खातं उघडत नाही. मग दोन महिने कुणी त्याच्या दारात का गेलं नाही? हे मी विचारलं तेव्हा मिळालेलं उत्तर होतं, "प्रोसेसमध्ये आहे."

तोवर मुलांचं काम मी फोनवरच सुरू ठेवलंय. फोनमध्ये एक्सपोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करता येतात. खिडक्यांना काळा कागद लावायचा, दोन टेबल लॅम्प, आणि शिक्षकांसकट सगळ्यांनी फोटोच्या वेळी गडद कपडे घालून मागे सरकायचं. लुकलुकणं जवळजवळ गेलंय. हे आधी नीट करून बघितलं असतं तर जूनमध्ये कॅमेरा शोधायची एवढी घाई झाली नसती. जुना डीएसएलआर घ्यायचाच असेल तर हातात घेऊन घ्या. मुंबईत फोर्टात, बोरा बाजारच्या आसपास जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. एक दिवस जाईल, जाऊ दे. आपलं कार्ड घालून शंभर फोटो काढा, लॅपटॉप नेऊन केबल लावा, लेन्स उजेडाकडे धरून ॲपर्चरची रिंग फिरवा आणि आतली पाती मिटताना डोळ्यांनी बघा.

काल ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी लगेच मेसेज केला. त्याने बुकिंगचे २,१०० आधीच पाठवले होते. त्याला १९३० वर फोन करायला लावला, रात्री पावणेबाराला.

फोटो ओळखायची खूण देऊन ठेवते. निळी-पांढरी चौकड्यांची चादर, उजव्या कोपऱ्यात चार्जरची पांढरी वायर, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लाल अक्षरं. पहिल्या फोटोत बॉडी, दुसऱ्यात बॅटरी, चौथ्यात-पाचव्यात मागची बाजू. तिसऱ्यात लेन्स १८-५५. बोलणं मराठी, 'ताई' किंवा 'दादा'. ॲडॉप्टर रिंग मोडलीय असं आपणहून सांगतो. त्याला व्हिडिओवर लेन्सची ॲपर्चरची रिंग फिरवून दाखवायला सांगा आणि ती दिसेपर्यंत एक रुपयासुद्धा पाठवू नका.