गिटहब कोपायलट: लहान टीमने घ्यावा, पण अपेक्षित आकडे आधी हाताने लिहावेत

हॉटेल-होमस्टेचं बुकिंग, रेस्टॉरंटचं बिल, फेरीबोटीच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप अशी कामं करणाऱ्या पणजी-पर्वरीच्या चार-सहा जणांच्या टीमसाठी गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय साधनाचं हे परीक्षण आहे. कोपायलट जून २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा वैयक्तिक योजना महिना १० डॉलर होती. नंतर आलेली बिझनेस योजना माणशी १९ डॉलरची. डिसेंबर २०२४ मध्ये फुकट योजना आली, तिच्यात तेव्हा महिन्याला २,००० सुचवण्या आणि ५० चॅट मिळत. रोज कोड लिहिणाऱ्याला तेवढं पुरत नाही, पण पारखून बघायला भरपूर आहे.

या साधनाचा सगळ्यात चांगला भाग तोच, जो सगळ्यात आधी आला. टाइप करताना पुढची ओळ करड्या अक्षरांत दिसते. टॅब दाबली की ती घेतली जाते, एस्केपने जाते, आणि कंट्रोल धरून उजवा बाण दाबला तर एकच शब्द घेता येतो. ही शेवटची सोय फार कमी जण वापरतात, आणि खरं तर तीच सगळ्यांनी वापरावी. सुचवणी एका नजरेत वाचता येते आणि नाकारायला काहीच लागत नाही. यंत्राने भरपूर काम करावं आणि तरी ताबा माणसाकडेच राहावा, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, असं संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन सांगत आले आहेत. करड्या ओळीत ते खरंच जमलेलं आहे.

अडचण सुरू होते ती सुचवणी एका ओळीवरून चाळीस ओळींवर गेली की. हॉटेलच्या खोलीचा जीएसटी घ्या. खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. त्याआधी खालचा दर १२ होता, आणि वरचा २०१९ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत २८. कोपायलटमागचं एआय मॉडेल ज्या कोडवर शिकलं आहे त्यात हे सगळे जुने दर पसरलेले आहेत, त्यामुळे फंक्शनचं नाव लिहिताच १२ किंवा २८ पुढे आला तर नवल नाही. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक वेगळी असते.

शुक्रवार ६,८००, शनिवार ८,२००, रविवार ७,५०० असं तीन रात्रींचं बुकिंग धरा. कर प्रत्येक रात्रीवर वेगळा लागतो: ३४० अधिक १,४७६ अधिक ३७५, म्हणजे २,१९१ रुपये. पण एकूण २२,५०० ला तीनने भागून सरासरीवर दर ठरवला तर सरासरी नेमकी ७,५०० येते, सगळ्यावर ५ टक्के लागतो आणि कर १,१२५ होतो. एका बुकिंगमागे १,०६६ रुपये कमी. कोड स्वच्छ दिसतो, चालतो, लिंटर (कोडातल्या चुका दाखवणारं साधन) गप्प असतो. ‘७,५०० किंवा कमी’ऐवजी ‘७,५०० पेक्षा कमी’ असं लिहिलं गेलं तर रविवारच्या रात्रीवर ३७५ ऐवजी १,३५० लागतात, आणि पाहुणा काउंटरवर भांडतो.

यावर ‘टेस्टपण (कोड बरोबर आकडा देतो का ते तपासणारा कोड) त्यालाच लिहायला सांगा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. कोड दाखवून टेस्ट मागितली की मॉडेल कोड काय करतो ते बघून अपेक्षित आकडा लिहितं. १,१२५ हाच आकडा टेस्टमध्ये जातो आणि सगळं हिरवं दिसतं. म्हणून क्रम उलटा ठेवावा. सी.ए.कडून पाच-सहा बिलं हाताने मांडून घ्यावीत: हद्दीवरचं भाडं, हद्दीच्या एक रुपया वरचं, दर बदलला त्या तारखेच्या अलीकडचं-पलीकडचं, सवलत दिलेलं. ते आकडे टेस्टमध्ये माणसाने टाकावेत, मग कोड कोपायलटकडून घ्यावा. टेस्टचा बाकी साचा त्याने लिहिला तरी हरकत नाही, ते काम तो छान करतो.

देवनागरीत तो वारंवार घसरेल, हे गृहीत धरूनच चालावं. ‘म्हापसा’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ७ सांगते, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. वाचणाऱ्याला अक्षरं तीनच दिसतात. यादीत नाव बसवण्यासाठी दोनवर कापलं तर नुसतं ‘म्’ उरतं. इंग्रजी नावांसाठी लिहिलेली कापाकापी तशीच सुचवली जाते, तेव्हा ‘इंटल सेगमेंटर’ (Intl.Segmenter, दिसणारी अक्षरं वेगळी करणारी जावास्क्रिप्टची सोय) वापरायला स्पष्ट सांगावं लागतं. तोसुद्धा जुन्या ब्राउझरमध्ये ‘म्हा’चे दोन तुकडे करू शकतो, म्हणून ते तपासून घ्यावं. पणजी, पंजीम, मडगाव, मार्गांव अशी एकाच गावाची दोन-दोन नावं शोधात जुळायला हवीत, हेही त्याला आपणहून सुचत नाही. तो तक्ता गोव्याच्या माणसानेच करायचा.

असे नियम ‘.गिटहब’ फोल्डरातल्या ‘कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स’ फाइलमध्ये लिहून ठेवता येतात: रक्कम रुपयांत नव्हे तर पैशांत आणि पूर्णांकात, दर तारीखवार तक्त्यातून, चेक-आउटचा दिवस मोजायचा नाही, न विचारता नवं पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) नाही. पंधरा-वीस ओळी पुरेत. ही फाइल चॅट आणि एजंटला लागू होते. टाइप करताना येणाऱ्या करड्या सुचवण्यांना नाही. फाइल लिहिली म्हणजे झालं असं समजणारे इथेच फसतात.

एजंट मोड, म्हणजे अनेक फायली स्वतः बदलणारा आणि टर्मिनलवर कमांड चालवणारा भाग, कुंपणाशिवाय वापरू नये. आधी कमिट (आतापर्यंतचा कोड नोंदवून ठेवणं), मग वेगळी ब्रँच (मूळ कोडाची स्वतंत्र शाखा), टर्मिनलची आपोआप परवानगी बंद, आणि एका वेळी एवढंच काम की फरक बसून वाचता येईल. दोनशे ओळींच्या पुढे माणूस वाचत नाही, चाळतो. पॅकेजांची नावं तर हमखास तपासावीत. १६ मॉडेलांचे ५,७६,००० नमुने तपासलेल्या एका अभ्यासात सुचवलेली १९.७ टक्के पॅकेजं अस्तित्वातच नव्हती, आणि अशा बनावट नावांवर कोणीही घातक कोड चढवून ठेवू शकतो. इन्स्टॉल करण्याआधी पॅकेजचं पान उघडून पहिली आवृत्ती कधीची आणि मूळ कोड कुठे आहे, एवढं बघावं.

वेग वाढतो का? गिटहबच्या प्रयोगात ९५ प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहायला दिला, तेव्हा कोपायलटवाल्यांनी काम ५५.८ टक्के लवकर संपवलं. एआयची क्षमता तपासणाऱ्या ‘मेटर’ या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच जुन्या प्रकल्पातली २४६ कामं दिली, तिथे एआय वापरताना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि तरी आपण लवकर केलं असं त्यांना वाटत होतं. त्यांनी बहुतेक कर्सर हे दुसरं एआय साधन वापरलं होतं, कोपायलट नव्हे, पण अर्थ तोच: नव्या, सुट्या कामात फायदा मोठा, आणि स्वतःला पाठ असलेल्या कोडात कमी, कधी उलट तोटाच. टीमने अंदाजावर न जाता महिनाभर कामं आणि वेळ वहीत लिहावी.

पाहुण्यांचे पासपोर्ट, फोन असा खरा डेटा चॅटमध्ये चिकटवू नये, त्याची डंप फाइल प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवूही नये. नमुन्यासाठी खोटी नावं वापरावीत. फायली वगळण्याची सोय बिझनेस योजनेपासून पुढेच मिळते, त्यामुळे हॉटेलांचं काम असेल तर १९ डॉलर योग्य आहेत. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकणाऱ्याने मात्र करड्या सुचवण्या बंद ठेवून चॅटमध्ये फक्त ‘ही चूक का आली’ एवढंच विचारावं. आणि सुचवण्या सर्व्हरवरून येतात, म्हणून जूनच्या पावसात वीज-नेट गेलं की त्याही थांबतात; डिलिव्हरीचा दिवस धरताना हे लक्षात ठेवावं.