स्ट्रेप ए रॅपिड टेस्ट किट: पट्टी चांगली आहे, निगेटिव्हवर मात्र थांबू नका

मुलाला ताप, घसा लाल, गिळताना कळ. अशा वेळी आपल्याकडे बहुतेकदा एकतर ॲझिथ्रोमायसिन लिहून दिलं जातं, नाहीतर एएसओ ही रक्तातली अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेलं प्रथिन) मोजायला पाठवतात. आज घशात स्ट्रेप ए (गट ए स्ट्रेप्टोकोकस हा जंतू) आहे का, हे एएसओ सांगूच शकत नाही. ती अँटिबॉडी संसर्गानंतर आठवड्याभराने वाढू लागते आणि तीन ते पाच आठवड्यांनी सर्वांत जास्त असते. आजच्या घशासाठी स्वॅब, म्हणजे काडीवर घेतलेला घशातला नमुनाच हवा, आणि दवाखान्यात बसून दहा मिनिटांत उत्तर देणारं साधन म्हणजे हे पट्टीचं किट.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकोकसचे गट पाडले ते पेशीभित्तिकेतल्या कार्बोहायड्रेटवरून. ही पट्टी गट ए चं तेच कार्बोहायड्रेट पकडते. ते सुटं करायला नायट्रस आम्ल लागतं. एका बाटलीत सोडियम नायट्राइट आणि दुसरीत ॲसेटिक आम्ल असतं. मिश्रण टिकत नाही, म्हणून ते प्रत्येक टेस्टच्या वेळी ताजंच करायचं. बहुतेक किटमध्ये दोन्हींचे चार-चार थेंब असतात. काही किटमध्ये दुसरं द्रव पडताच गुलाबी रंग पिवळट होतो, ही सोय फार उपयोगी आहे. एखादी बाटली घालायची राहिली तर लगेच कळतं. बाटल्यांची झाकणं अदलाबदल झाली की दोन्ही बाटल्या टाकून द्याव्यात.

स्वॅब नळीत दहा वेळा घोळवा, एक मिनिट ठेवा आणि काढताना नळीच्या कडांवर दाबून पिळा. इथे घाई झाली तर अँटिजेन, म्हणजे ते कार्बोहायड्रेट, स्वॅबमध्येच राहतं. मग पट्टी बुडवून पाच मिनिटांनी वाचा. पुसट रेषा आली तरी ती पॉझिटिव्हच. दहा मिनिटांनंतर उमटलेली रेषा धरायची नाही. कंट्रोल रेषा (पट्टी नीट चालल्याची खूण) आली नाही तर टेस्ट रद्द.

खरी गडबड होते ती स्वॅब घेताना. टंग डिप्रेसरने जीभ नीट दाबून दोन्ही टॉन्सिल आणि पडजिभेमागची भिंत घासून घ्यायला हवी. पू दिसत असेल तर तिथे आधी. मूल उमळून आल्यावर स्वॅब नुसता जिभेला आणि गालाला लागून बाहेर येतो, आणि रिपोर्ट निगेटिव्ह जातो. असा स्वॅब सरळ फेकून दुसरा घ्यावा. स्वॅब किटमधलाच, रेयॉन किंवा डॅक्रॉनचा वापरा. स्वॅब लॅबला पाठवताना वापरतात ते कोळसा किंवा जेल असलेलं ट्रान्सपोर्ट माध्यम चालत नाही.

आता आकड्यांकडे. मुलांमध्ये कल्चरशी (प्लेटवर जंतू वाढवून केलेल्या तपासणीशी) ताडून पाहिलं तर अशा टेस्टची संवेदनशीलता (जंतू असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) सुमारे ८५ टक्के आणि विशिष्टता (जंतू नसलेल्यांना निगेटिव्ह सांगण्याचं प्रमाण) सुमारे ९५ टक्के भरते. म्हणजे लक्षणं जुळणाऱ्या मुलाच्या पॉझिटिव्हवर उपचार सुरू करायला हरकत नाही, पण स्ट्रेप ए असलेल्या शंभरांतली पंधरा-एक मुलं पट्टी सोडून देते. उपचार न झालेल्या स्ट्रेप ए नंतर येणाऱ्या रुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे आजही येतात, त्यामुळे ही पंधरा मुलं सोडून चालणार नाही. निगेटिव्ह मुलाचा स्वॅब कल्चरला लावाच. त्यासाठी सुरुवातीलाच दोन स्वॅब घ्या, कारण किटच्या द्रवात बुडालेल्या स्वॅबवर जंतू जिवंत राहत नाहीत.

कल्चर पाच टक्के मेंढीच्या रक्ताच्या ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या प्लेटवर) हवं. ब्लड बँकेतल्या मुदत संपलेल्या मानवी रक्ताच्या प्लेटवर विसंबू नये. हिमोलिसिस (जंतूंभोवती रक्तपेशी फुटून पडणारा घेर) त्यावर नीट दिसत नाही. ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तासांनी पाहा, काही नसेल तर ४८ तासांनी पुन्हा. एवढं थांबायला वेळ असतो: घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी रुमॅटिक ताप टळतो. पेनिसिलिनला दाद न देणारा स्ट्रेप ए रुग्णांमध्ये आजवर सापडलेला नाही. ॲझिथ्रोमायसिनची तशी खात्री नाही.

नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, अशा मुलाची टेस्ट करूच नका. ते बहुधा व्हायरसचं दुखणं, आणि निरोगी शाळकरी मुलांच्या घशातही स्ट्रेप ए नुसता वस्तीला असू शकतो. त्या मुलाची रेषा खरी असते, आजार तिचा नसतो. औषधं संपल्यावर ‘गेला का’ म्हणून पुन्हा पट्टी लावण्यातही अर्थ नाही. मेलेल्या जंतूंचं अँटिजेनही रेषा आणतं. स्ट्रेप्टोकोकसचे गट सी आणि जी या पट्टीत दिसत नाहीत.

साठवण २ ते ३० अंश, गोठवायचं नाही. विदर्भातल्या मे महिन्यात हे किट फ्रिजमध्येच हवं, पण वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणा. कोकणातल्या पावसात पाकीट टेस्टच्या क्षणीच फोडा. दमट हवेत पट्टी बिघडते.

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यासाठी किट जरूर घ्यावं, मात्र कल्चर करणारी लॅब आधी ठरवून. घेताना डब्यात पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने) आहेत का ते पाहा, आणि प्रत्येक नवा डबा त्यांवर तपासूनच वापरात आणा. महिन्याला चार-पाचच टेस्ट होत असतील तर मोठा डबा मुदतीत संपणार नाही. लहान पॅक मागा.