मिलेनियम मालिका संपली, आता कुणाला हातात घ्यायचं?

स्टीग लार्सन या स्वीडिश लेखकाच्या मिलेनियम या गुन्हेकथांच्या मालिकेतली तिन्ही पुस्तकं संपली की 'असंच आणखी काय आहे?' हा प्रश्न येतोच. त्यावर मिळणारं उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं: उत्तर युरोपातल्या कुठल्या तरी गाजलेल्या लेखकाचं नाव. ते पुस्तक आणलं जातं, शंभर पानं वाचली जातात आणि बाजूला पडतं. दोष लेखकाचा नसतो. मिलेनियम मालिकेत चार वेगळे धागे एका पेडात वळलेले आहेत: बड्या घराण्यातली जवळपास चाळीस वर्षांपूर्वी नाहीशी झालेली मुलगी, पत्रकार ब्लूमक्विस्टने उकरून काढलेले घोटाळे, सरकारी यंत्रणेच्या आत दडलेलं कारस्थान, आणि लिस्बेथ सालांडर ही एकटी लढणारी हॅकर नायिका. हे चारही धागे एकत्र असलेला दुसरा लेखक सापडत नाही. म्हणून यांतल्या कशाने तुम्हाला रात्री जागवलं ते आधी ठरवा आणि मग लेखक निवडा.

ओळखायची सोपी खूण म्हणजे तिघांतलं तुमचं सर्वांत आवडतं पुस्तक. पहिलं, म्हणजे 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू', आवडलं असेल तर तुम्हाला जुनं, थंड पडलेलं प्रकरण उलगडताना पाहायला आवडतं. दुसरं आणि तिसरं ही खरं तर एकच सलग गोष्ट आहे. ती जास्त भावली असेल तर तुमची ओढ सत्तेच्या आतल्या कुजकेपणाकडे आणि सालांडरकडे आहे. या दोन प्रकारच्या वाचकांना एकच पुस्तक सुचवणं म्हणजे दोघांपैकी एकाला नाराज करणं.

त्याच मालिकेत पुढे जायचं का?

लार्सन नोव्हेंबर २००४ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी गेला. तिन्ही पुस्तकं त्याच्यामागे, २००५ ते २००७ या काळात स्वीडिशमध्ये आली. पुढचे तीन भाग डाविड लागरक्रान्त्सने लिहिले (२०१५, २०१७, २०१९) आणि २०२२ पासून मालिका कारिन स्मिर्नोफकडे आहे. म्हणजे पुस्तकांच्या पाठीवर मालिकेचं नाव एक आणि लेखक तीन.

लागरक्रान्त्सची पुस्तकं आटोपशीर आणि वेगवान आहेत. पण लार्सनच्या लेखनातला संताप तिथे पातळ होतो. लार्सन 'एक्स्पो' नियतकालिकात अतिउजव्या संघटनांवर काम करणारा पत्रकार होता आणि त्याचा राग कथानकात नुसता चवीपुरता नव्हता. स्मिर्नोफने गोष्ट उत्तर स्वीडनमधल्या एका काल्पनिक गावात नेली, त्यामुळे हवाच बदलते. सालांडरला निरोप देववत नसेल तर लागरक्रान्त्सचं पहिलं, 'द गर्ल इन द स्पायडर्स वेब', वाचून बघा. ते संपल्यावर पुढच्याची ओढ वाटली नाही तर तिथेच थांबा. उरलेली वाचलीच पाहिजेत असं काही नाही.

बेपत्ता मुलीचं प्रकरण आवडलेल्यांसाठी: आडलर-ओल्सन की आर्नाल्दुर?

डेन्मार्कच्या युसी आडलर-ओल्सनच्या 'डिपार्टमेंट क्यू' मालिकेतली पहिली दहा पुस्तकं २००७ ते २०२३ या काळात आली. कोपनहेगन पोलिसांच्या तळघरात कार्ल मोर्क नावाचा चिडका अधिकारी न सुटलेल्या प्रकरणांच्या फायली घेऊन बसवलेला आहे, आणि मदतीला असाद, ज्याचा भूतकाळ पुस्तकागणिक थोडा थोडा उघडत जातो. पहिल्या पुस्तकात पाच वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या एका राजकारणी बाईचा शोध आहे. तपास आणि त्या बाईची गोष्ट आळीपाळीने पुढे सरकतात, त्यामुळे ताण मिलेनियमच्या पहिल्या पुस्तकाहूनही लवकर चढतो. लार्सनची सुरुवातीची शंभरेक पानं उद्योग-व्यवहारांत जातात, इथे तेवढा धीर धरावा लागत नाही. कार्ल आणि असाद यांच्यातला विनोद हा वरचा लाभ. बंदिवासाचं वर्णन मात्र फार अंगावर येतं. ज्यांना लार्सनमधले अत्याचाराचे प्रसंग वाचवले नाहीत, त्यांना हेही वाचवणार नाही.

या मालिकेत एक व्यावहारिक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. ब्रिटिश आणि अमेरिकी आवृत्त्यांची नावं वेगळी आहेत. ब्रिटनमधलं 'मर्सी' हेच अमेरिकेतलं 'द कीपर ऑफ लॉस्ट कॉझेस'. 'डिसग्रेस' म्हणजे 'द अ‍ॅब्सेंट वन' आणि 'रिडेम्प्शन' म्हणजे 'अ कॉन्स्पिरसी ऑफ फेथ'. आपल्याकडे नव्या पुस्तकांच्या दुकानात बहुधा ब्रिटिश आवृत्ती असते, पण फोर्टातल्या फुटपाथवर किंवा जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळांवर अमेरिकी प्रतीही येतात, आणि एकच पुस्तक दोनदा विकत घेतलं जातं. पैसे देण्याआधी कॉपीराइटचं पान उघडा. तिथे मूळ डॅनिश नाव आणि मूळ प्रकाशनाचं वर्ष छापलेलं असतं. इंग्रजी नाव काहीही असो, ते दोन्ही आवृत्त्यांत सारखंच असतं.

आइसलंडचा आर्नाल्दुर इन्द्रिदासन याच्या अगदी उलट टोकाला आहे. त्याचा एर्लेन्दुर हा अधिकारीही जुन्या प्रकरणांत गुरफटलेला, पण इथे पाठलाग नाही, स्फोट नाहीत, पानंही साधारण तीनशेच्या आसपास. 'सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह'मध्ये रेक्याविकच्या वेशीवर नव्या वस्तीच्या बांधकामात हाडं सापडतात आणि त्यांच्यामागची दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एका घराची गोष्ट हळूहळू वर येते. २००५ चा गोल्ड डॅगर हा गुन्हेकथांचा ब्रिटिश पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला. घरातल्या बाईवर होणारा अत्याचार हा लार्सनचा गाभ्याचा विषय. तो इतक्या शांत आवाजात आणि इतक्या खोलवर मांडलेला फार थोड्या ठिकाणी सापडेल. वेग हवा असेल तर आडलर-ओल्सन घ्या. पुस्तक मिटल्यावर आठवडाभर मनात राहायला हवं असेल तर आर्नाल्दुर.

त्याच्याबाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. इंग्रजीत पहिलं आलेलं 'जार सिटी' हे मालिकेतलं तिसरं आहे. आधीची दोन सापडत नाहीत म्हणून अडून राहू नका, 'जार सिटी'पासून काही बिघडत नाही. मात्र त्याचीच एक ब्रिटिश पेपरबॅक 'टेन्टेड ब्लड' या नावाने निघाली आहे, तेव्हा तेही दुसरं पुस्तक समजू नका. आणि आइसलंडमध्ये आडनाव नसतं, वडिलांच्या नावावरून ओळख लागते, म्हणून तिथल्या याद्यांत हा लेखक 'आर्नाल्दुर' म्हणून लागतो. आपल्याकडच्या ग्रंथालयांत तो बहुधा 'इन्द्रिदासन'खाली असतो. एका ठिकाणी सापडला नाही तर दुसरीकडे बघा.

कारस्थान आणि सत्तेचा माज आवडलेल्यांसाठी: नेस्बो की मँकेल?

नॉर्वेच्या यू नेस्बोला आपल्याकडे सगळे जो नेस्बो म्हणतात. त्याचा नायक हॅरी हूले, ज्याचं आडनाव इंग्रजी वाचणारे 'होल' असं उच्चारतात, ऑस्लोतला दारूच्या आहारी गेलेला, वरिष्ठांना नकोसा झालेला तपास अधिकारी आहे. २०२२ च्या 'किलिंग मून'पर्यंत या मालिकेत तेरा पुस्तकं झाली. वेग, उलटसुलट वळणं आणि शेवटच्या पन्नास पानांतला धक्का यांत या यादीतलं कुणी त्याच्या जवळ येत नाही.

पण क्रम चुकला तर सर्वांत जास्त नुकसान याच लेखकाचं होतं. मूळ क्रमात पहिलं 'द बॅट' (१९९७) ऑस्ट्रेलियात घडतं आणि दुसरं 'कॉक्रोचेस' (१९९८) बँकॉकमध्ये. ऑस्लोची खरी गोष्ट तिसऱ्या, म्हणजे 'द रेडब्रेस्ट'पासून (२०००) सुरू होते. 'द रेडब्रेस्ट', 'नेमेसिस' आणि 'द डेव्हिल्स स्टार' या तिघांत पोलिस खात्याच्या आतला एक धागा सलग चालतो आणि तिसऱ्यात त्याचा निकाल लागतो. इंग्रजीत मात्र 'द डेव्हिल्स स्टार' २००५ मध्ये आधी आलं आणि 'द रेडब्रेस्ट' त्यानंतर. म्हणजे शेवट आधी आणि सुरुवात नंतर. तेव्हा इंग्रजी प्रकाशनाच्या वर्षावर विसंबू नका, मूळ नॉर्वेजियन वर्ष पाहा.

लार्सनच्या वाचकाने 'द रेडब्रेस्ट'पासूनच सुरुवात करावी. त्यात लेनिनग्राडच्या आघाडीवर नाझींच्या बाजूने लढलेले नॉर्वेजियन स्वयंसेवक आहेत, ऑस्लोतले नवनाझी आहेत, आणि देशाने स्वतःबद्दल सांगितलेली सोयीची गोष्टही. लार्सनला आयुष्यभर छळणारा विषय हाच. पहिल्या शंभर पानांत काळ सतत पुढेमागे होतो, नावं गोंधळात टाकतात. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ठिकाण आणि तारीख दिलेली असते, ती वगळून पुढे गेलात तर पुस्तक हातातून निसटेल. 'द स्नोमॅन'वर अनेकांची उडी आधी पडते. ते एकटं वाचता येतं, पण 'द लेपर्ड' थेट त्याच्या पुढे सुरू होतं, म्हणून ते आधी घेऊ नका. 'फँटम' सुरू करण्यापूर्वी 'पोलीस' शेजारी ठेवा, कारण पहिल्याच्या शेवटावर थांबणं अवघड जाईल. 'द लेपर्ड'मधली छळाची वर्णनं या सगळ्या यादीत सर्वांत क्रूर आहेत. नेस्बो आवडला तरी ते वगळलं म्हणून काही चुकत नाही.

हेनिंग मँकेलचा कुर्ट वालांडर दक्षिण स्वीडनमधल्या इस्टाड या छोट्या गावचा. पहिलं पुस्तक 'फेसलेस किलर्स' १९९१ चं: एका शेतघरात म्हाताऱ्या जोडप्यावर हल्ला होतो, मरताना बाई 'परकीय' एवढंच बोलते, ते बाहेर फुटतं आणि स्थलांतरितांविरुद्धचा राग पेट घेतो. स्वीडनच्या समाजाचं काय चाललंय हा लार्सनचा प्रश्न मँकेलने आधीपासून विचारलेला आहे. फरक असा की लार्सनकडे खलनायक ठळक असतात आणि त्यांना शिक्षा होताना वाचकाला समाधान मिळतं. मँकेलकडे ते समाधान तुटपुंजं. प्रकरण सुटतं, वालांडर मात्र आणखी थकलेला दिसतो. मधुमेह, मोडलेला संसार, चित्रं काढत बसलेले वडील, हे सगळं तपासाइतकंच महत्त्वाचं.

मँकेल क्रमाने वाचला तर उत्तम, पण नेस्बोइतकं ते सक्तीचं नाही. दुसरं 'द डॉग्ज ऑफ रिगा' लाटव्हियात जातं आणि तिसरं 'द व्हाइट लायनेस' दक्षिण आफ्रिकेत. इस्टाड सोडून इतकं लांब जावंसं वाटत नसेल तर 'फेसलेस किलर्स'वरून थेट 'साइडट्रॅक्ड'वर या, त्याचं सर्वांत घट्ट विणलेलं पुस्तक तेच. संगणकाचा भाग आवडलेल्यांनी १९९८ चं 'फायरवॉल' पाहावं: एक तरुण हॅकर आणि जगभरची पैशाची व्यवस्था कोसळवण्याचा कट. तंत्रज्ञान आता जुनं वाटतं, भीती वाटत नाही जुनी. 'द ट्रबल्ड मॅन' (२००९) हा वालांडरचा निरोप आहे, तो काहीही झालं तरी शेवटी.

पत्रकार आणि एकटी लढणारी नायिका

ब्लूमक्विस्टच्या कचेरीतलं वातावरण आवडलं असेल तर लिझा मारक्लुंड. ती स्वतः पत्रकार आणि तिची आनिका बेंग्टझोन स्टॉकहोममधल्या एका सायंदैनिकात बातमीदार. आवृत्तीची वेळ, संपादकाशी भांडण, घरी आजारी मूल, हे सगळं ब्लूमक्विस्टच्या मोकळ्या आयुष्यापेक्षा कितीतरी खरं वाटतं. 'द बॉम्बर' (१९९८) आधी लिहिलं गेलं, पण आनिकाची सुरुवात त्यानंतरच्या पुस्तकात आहे. ते इंग्रजीत 'स्टुडिओ ६९' आणि नंतर 'एक्स्पोज्ड' अशा दोन नावांनी मिळतं. आनिका माणूस म्हणून कळायला हवी असेल तर तिथून सुरुवात करा, थेट थरार हवा असेल तर 'द बॉम्बर'.

सालांडरची जागा घेणारं कुणी नाही हे मान्य करूनच पुढे जावं. तिच्याजवळचं एक नाव रेबेका मार्टिन्सन: ओसा लार्सनची (स्टीगशी नातं नाही) वकील नायिका, स्टॉकहोमहून उत्तरेच्या किरूना या आपल्या मूळ गावी ओढली गेलेली. तिला घाव बसतात आणि ते पुढच्या पुस्तकात भरून आलेले नसतात. सालांडरची हॅकिंगची जादू इथे नाही, पण मोडून न पडणं आहे. मालिका सहा पुस्तकांची, पहिलं ब्रिटनमध्ये 'द सॅव्हेज ऑल्टर' आणि अमेरिकेत 'सन स्टॉर्म'. इथे क्रम अजिबात मोडू नका.

मुळापाशी जायचं असेल तर

या सगळ्यांच्या आधी माय शोवाल आणि पेर वालो हे जोडपं आहे. १९६५ ते १९७५, दहा पुस्तकं, प्रत्येकात बरोबर तीस प्रकरणं. पोलिसकथेच्या आडून स्वीडनच्या कल्याणकारी राज्याची झडती घ्यायची कल्पना त्यांची. 'रोझॅना'त कालव्यातून गाळ काढताना एका तरुणीचं प्रेत वर येतं आणि पुढचे कित्येक महिने पोलिस वाट बघतात: पत्राची, तारेची, कुणाच्या तरी आठवणीची. मिलेनियमनंतर लगेच हे घेतलं तर संथ वाटेल. मध्ये एखादं वेगळं पुस्तक वाचा किंवा चौथ्यापासून, 'द लाफिंग पोलीसमन'पासून, सुरुवात करा. त्याला १९७१ चा एडगर हा गुन्हेकथांचा अमेरिकी पुरस्कार मिळाला होता. तिथे पहिल्याच काही पानांत स्टॉकहोमच्या बसमध्ये प्रेतं पडलेली असतात. आवडलं तर मागे फिरून 'रोझॅना'.

ही नावंही संपली की 'ग्लास की' पुरस्काराची यादी उघडा. उत्तर युरोपातल्या देशांमधल्या सर्वोत्कृष्ट गुन्हेकथेला १९९२ पासून दिला जाणारा हा पुरस्कार पहिल्याच वर्षी मँकेलला मिळाला. पुढे नेस्बो, आर्नाल्दुर (लागोपाठ दोनदा), लार्सन आणि आडलर-ओल्सन हे सगळे त्यातच आहेत. पण जिंकलेलं पुस्तक पुष्कळदा मालिकेच्या मधलं असतं, आडलर-ओल्सनचं तिसरं होतं. म्हणून यादीतून लेखकाचं नाव घ्या, आणि पुस्तक मागवताना त्याच्या मालिकेतलं पहिलं मागवा.