एक्सटी६० की अँडरसन? रोबोची वायरिंग ठरवताना

एक्सटी६० आणि अँडरसन हे रोबोच्या बॅटरी-मोटरच्या वायरी जोडणारे कनेक्टर. कुठला घ्यायचा हे ठरवताना आधी स्पर्धा कोणती ते बघा. एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धा) असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. बॅटरीला अँडरसनचा एसबी प्रकारचा कनेक्टर, मुख्य वायर किमान ६ एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज, आकडा जितका लहान तितकी वायर जाड) आणि १२० अँपिअरचा मेन ब्रेकर, हे सगळं नियमातच आहे. एफटीसीत (फर्स्ट टेक चॅलेंज, त्याच संस्थेची लहान रोबोंची स्पर्धा) कंट्रोल हबलाच, म्हणजे रोबोच्या मुख्य कंट्रोलरलाच, एक्सटी३० हा एक्सटी६०चा धाकटा भाऊ लावून येतो. रोबोकॉन किंवा कॉलेजच्या स्पर्धेत मात्र व्होल्टेजची मर्यादा आणि इमर्जन्सी स्टॉप पाळला की कनेक्टर बहुधा आपणच ठरवायचा असतो.

अशा वेळी नव्या टीमला मी एक्सटी६० सुचवतो. त्याची एक बाजू तिरकी कापलेली असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही. आम्ही पहिल्या वर्षी नुसत्या बुलेट पिना लावल्या होत्या. स्पर्धेच्या आदल्या रात्री घाईत लाल-काळी उलटी झाली आणि मोटर ड्रायव्हर जळाला. तो वास मुलांच्या अजून लक्षात आहे. सोल्डर करताना समोरचा जोडीदार कनेक्टर लावूनच ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक मऊ पडून पिना वाकड्या होतात. बॅटरीकडे कायम फीमेल. आणि नावातले ६० अँपिअर क्षणभरापुरते. सलग ३० धरून चाला.

अँडरसन पॉवरपोलमध्ये नर-मादी नाही, दोन्ही तोंडं सारखीच. १५, ३० आणि ४५ अँपिअरचे टर्मिनल एकाच हाउसिंगमध्ये बसतात. मोटर वारंवार बदलत असाल तर याच्यासारखं सोयीचं दुसरं नाही. पण टर्मिनल वायरीवर दाबून बसवायचं नीट क्रिंपिंग टूल हवंच. पकडीनं दाबलेला टर्मिनल वरून घट्ट दिसतो, आत तारा सैल राहतात आणि जोड तापतो.

खरी चूक वायरीत होते. सोलापूरच्या नवी पेठेत जाऊन '१२ गेज' मागू नका. आपल्याकडे गेज म्हटलं की अनेकदा एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) समजलं जातं, नियमपुस्तिकेत एडब्ल्यूजी असतं. १२ एडब्ल्यूजी म्हणजे ३.३१ चौरस मिमी. घरच्या वायरिंगची अडीचची वायर त्यात कमी पडते, चारची घ्यावी लागते. एफआरसीत ४० अँपिअरच्या ब्रेकरला १२ एडब्ल्यूजीपेक्षा बारीक वायर चालत नाही. रोबोच्या हलणाऱ्या हाताला सिलिकॉन वायरच लावा. बारीक तारांची असते, वाकून लवकर तुटत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात बंद लॅबमध्ये सराव करताना साध्या पीव्हीसीचं कव्हर लवकर मऊ पडतं.

कनेक्टर कुठलाही घ्या, प्रत्येक जोड हातानं जोरात ओढून बघा. निसटायचा तो टेबलावरच निसटू दे.