सोलर वॉटर हीटर, १४ महिने: नळ्या मोजण्याआधी पाणी तपासा

आमच्या सासूबाई गरम पाण्याला अजून "बंबाचं पाणी"च म्हणतात. साताऱ्याच्या घरातला तो तांब्याचा बंब आता आमच्या दारात छत्र्या सांभाळतो, पण रोज पहाटे पावणेसहाला आतून हाक येते, "अगं, बंबाचं पाणी आलं का?" गेले चौदा महिने मी बहुतेक रोज "आलं" म्हणते आहे. त्याआधीची तीन वर्षं मला या प्रश्नाची धास्ती वाटायची.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही जुना सोलर काढून नवा बसवला. दुकानात गेलं की नळ्या किती, लिटर किती, वॉरंटी किती एवढंच बोलणं होतं. आमच्याकडे मात्र जे काही बिघडलं ते पाण्यामुळे आणि पाइपांमुळे. सूर्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

घर पुण्यात धायरीला, खाली-वर मिळून दोन मजले, माणसं पाच. २००९ साली घर बांधलं तेव्हा २०० लिटरचा, चपट्या पॅनेलचा सोलर बसवला होता. वर काच, आत काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या. पंप नाही, मोटर नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपणच वरच्या टाकीत चढतं आणि गार पाणी खाली उतरतं. पहिली काही वर्षं सुखात गेली. मग आजूबाजूला इमारती उठल्या, नळाचं पाणी पुरेना आणि आम्ही बोअर-टँकरवर आलो. या पाण्यात डाळ शिजत नाही हे कुकरला आधी कळलं, सोलरला मागाहून. पाणी कोमट यायला लागलं. पॅनेल दोनदा ॲसिडने धुऊन घेतलं, दोन्ही वेळा जेमतेम वर्षभर बरं चाललं. पुढे टाकीच सांध्यावर पाझरायला लागली. स्टीलच्या टाकीला हायड्रोक्लोरिक ॲसिड चालत नाही, त्याने सांधे खातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. धुणाऱ्याला ठाऊक असावं, पण तो बोलला नाही.

भंगारवाल्याने पॅनेल तोडलं तेव्हा आतल्या नळीचा एक तुकडा मी मागून घेतला. अर्ध्या इंचाची नळी, आत पांढऱ्या-पिवळट क्षाराचं जाड कडं, आणि मधे उदबत्तीची काडी कशीबशी जाईल एवढं भोक. सोलर घ्यायचाय म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी हा तुकडा त्यांच्या हातात देते.

जुना गेला आणि नवा यायचा होता त्या दोन महिन्यांत सगळ्यांनी गीझर वापरला. महिन्याला २१० च्या आसपास असणारी युनिटं ३२० वर गेली. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. ३०० च्या वरची युनिटं महाग पडतात, त्यामुळे बिल बघून यांचा चेहराही चढला. मी शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ वॉट-तास लागतात. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ४२ वर न्यायचं तर ०.६४ युनिट. गीझरची स्वतःची गळती धरून माणशी पाऊण युनिट म्हणा. पाच माणसं, तीस दिवस. ११० युनिटांचा हिशेब तिथेच लागला.

भाचा म्हणाला, "मामी, आता पाणी तापवणारा सोलर कशाला? विजेचे पॅनेल लाव, गीझर फुकटात चालव." त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं आणि तारेला क्षार धरत नाही. नवीन घर बांधणाऱ्याने हा पर्याय जरूर तपासावा, हीट पंपाबरोबर (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) तर नक्कीच. आमची अडचण जागेची होती. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, जिना आणि दक्षिणेला शेजाऱ्यांनी नवा चढवलेला मजला. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या वर जात नाही, म्हणजे दहा फूट भिंतीची सावली नऊ फूट पडते. खडूने सावली आखल्यावर गच्चीत धड ऊन येणारा तुकडा उरला आठ बाय आठ फुटांचा. तेवढ्यात पाणी तापवणारा सोलर बसतो आणि घर भागतं. विजेचे तीन किलोवॉट तिथे बसत नाहीत.

खरेदीआधी पाणी तपासलं. दुकानदाराने टीडीएस मीटर बुडवून "अकराशे" असं सांगितलं, पण टीडीएस म्हणजे पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, नव्हे. तो मीटर विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. मी बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. जडपणा आला ६२० मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० बरा आणि दुसरा पर्यायच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. आम्ही त्याच्याही वर होतो. इतक्या जड पाण्याला बारीक नळ्यांचं पॅनेल नकोच. म्हणून काचेच्या नळ्यांचा घेतला: २०० लिटर, वीस नळ्या, आतून काचेचा मुलामा दिलेली लोखंडी टाकी. नळी म्हणजे थर्मासच, दोन काचांमध्ये निर्वात पोकळी. पाणी खेळतं ती आतली नळी मनगटाएवढी रुंद असल्यामुळे क्षार धरला तरी वाट बंद होत नाही, गाळ तळाशी बसतो. पाणी गोड असेल, पालिकेचं असेल, तर चपट्या पॅनेलला मी आजही नावं ठेवणार नाही. काच फुटायचं भय कमी आणि आयुष्य भरपूर.

बसवायला आलेली दोन पोरं पोचली दुपारी दीडला. नळ्या खोक्यातून काढून गच्चीत उन्हात मांडल्या आणि जेवायला बसली. मी म्हटलं, "बाळांनो, यांच्यावर चादर टाका आणि पाणी संध्याकाळी भरा." पोरं हसली. "काही होत नाही काकू, रोजचं काम आहे." तीनला पाणी सोडलं आणि चौथी नळी फट्कन गेली. रिकामी नळी उन्हात चांगलीच तापते, त्यात गार पाणी पडलं की काच तडकणारच. बदली नळीचे पैसे द्यायला कंपनीने तीन आठवडे घोळ घातला. फोन करून करून मी मिळवले.

पण खरा छळ पुढे होता. आठवडाभर पाणी मस्त. मग एके दिवशी गार नळाला गरम पाणी, बेसिनला गरम, फ्लशच्या टाकीत गरम, आणि सासूबाईंच्या बादलीत कोमट. कंपनीचा माणूस येऊन "ऊन कमी आहे" म्हणून गेला. आकाश निरभ्र, गच्चीत पाय ठरत नव्हता, आणि म्हणे ऊन कमी!

शेवटी आमच्या नेहमीच्या प्लंबरला पहाटे साडेपाचला बोलावलं. तो म्हणाला, "वहिनी, घरातला एकही नळ उघडू देऊ नका. सगळे झोपलेले असतानाच कळेल." टॉर्च घेऊन आम्ही गच्चीवर. नळ बंद असताना गरम पाण्याचा पाइप गार असायला हवा. त्याने पाइपावर हात ठेवला, माझाही ठेवायला लावला. गरम! कुणी वापरत नसताना पाणी चाललं होतं. मग तो खाली एकेका बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करत गेला आणि मी वर पाइप चाचपत उभी. पाहुण्यांच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मिनिटभरात पाइप निवायला लागला. तिथे मिक्सरच्या, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, तोंडाला हँडशॉवर लावला होता. मुलाने मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पाणी शॉवरच्या खटक्याने बंद केलेलं. बाहेर थेंब नाही, पण आतल्या आत गरम आणि गार लाइन एक झाली. टाकीतलं पाणी रात्रभर गार लाइनीत झिरपत होतं. दोन्ही कॉक पिळले, दोनशे रुपयांचा उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावला, विषय संपला. सोलर "चालत नाही" म्हणणाऱ्यांनी यंत्राला शिव्या देण्याआधी आपल्या बाथरूममधले हँडशॉवर बघावेत.

त्याच फेरीत गरम पाण्याचा जुना लोखंडी पाइपही बदलला. एक इंची पाइप, गच्चीपासून सासूबाईंच्या बाथरूमपर्यंत २२ मीटर. त्यात साडेबारा लिटर पाणी मावतं, म्हणजे गरम यायच्या आधी पाऊण बादली गार पाणी वाहून जायचं. टँकरच्या पाण्यात आम्ही रोज एवढं ओतत होतो. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप) टाकल्यावर हे साडेपाच लिटरवर आलं. वरून काळ्या फोमचं आवरण. ते खारींना फार आवडतं. त्यांनी ओरबाडून घरट्याला नेलं तेव्हा वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळली.

आता पाणी किती तापतं? बादलीत थर्मामीटर धरून वर्षभर कॅलेंडरवर आकडे लिहिले. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी ६० ते ६३, पहाटे सहाला ५४ च्या आसपास. पहाटे बाहेर दहा अंश असताना हे मला उत्तम वाटतं. एप्रिलमध्ये ८० च्या वर जातं, आणि ते धोक्याचं आहे. नातवंडं येणार असली की मी आठ नळ्यांवर गोणपाट टाकते. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे पाणी जितकं कढत तितका क्षार जास्त बसतो. गरजेपेक्षा जास्त तापवून टाकीचंच नुकसान.

पावसाळा हा सोलरचा कच्चा विषय. २०२५ ला तर मेमध्येच पाऊस आला, २६ मेला मान्सून पुण्यात हजर. जून ते सप्टेंबर ४१ दिवस विजेवर काढावे लागले, उरलेल्या वर्षात सहा. टाकीत दोन किलोवॉटची कॉइल आहे, पण दोन बादल्यांसाठी दोनशे लिटरची टाकी दहा अंशांनी जरी वर न्यायची तरी सव्वादोन युनिटं जातात. त्यापेक्षा खालच्या बाथरूममध्ये छोटा गीझर ठेवला आहे, ढगाळ दिवशी तेवढाच लावतो. कॉइलचं बटण मी चिकटपट्टीने बंद केलं आहे, कारण आमचे हे ते चालू करून विसरतात.

देखभालीत मुख्य म्हणजे टाकीतली मॅग्नेशियमची कांडी. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंज लागू देत नाही. वर्षाने काढली तर चघळून टाकलेल्या उसाच्या चिपाडासारखी दिसत होती. वॉरंटी कार्डावर "दोन वर्षांनी बदला" लिहिलंय. आमच्या पाण्याला दोन वर्षं थांबले असते तर टाकी गेली असती. नवी कांडी साडेआठशेला मिळाली. दर तीन महिन्यांनी टाकीच्या तळाचा कॉक उघडून गाळ सोडते. नळ्या महिन्यातून एकदा पुसते, तेही ऊन चढायच्या आत.

एकदा नळ थुंकायला लागले. धार तुटक, मधेच हवा. टाकीवर वाफ-हवा जायला जो उभा पाइप असतो त्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. तो पाइप बंद होणं चांगलं नाही, टाकी फुगू शकते किंवा आत दबू शकते. घर काढलं, तोंडाला बारीक जाळी बांधली. बूच कधीच लावायचं नाही. शेजारच्या गल्लीत एकांनी "कबुतरं बसतात" म्हणून लावलेलं मी स्वतः पाहिलंय. सांगून आले, काढलं की नाही कोण जाणे.

खर्च: सोलर बसवून साडेएकतीस हजार, पाइप-फोम-मजुरी चौदा हजार. हे चौदा कुणीच आधी सांगत नाही. पुणे महापालिका मिळकतकरात सौर, पर्जन्यजल आणि गांडूळखत यांपैकी एक केलं तर ५ टक्के आणि दोन केले तर १० टक्के सूट देते. आमची सौरची नोंद जुन्याच यंत्राची होती, ती पुन्हा पाहणी करून घेतली.

एक काम अजून राहिलं आहे. सुनेचं बाथरूम वरच्या मजल्यावर अगदी टोकाला, तिथली भिंतीतली लाइन जुनीच आहे. ती बदलायची तर फरश्या फोडायच्या आणि त्या रंगाच्या फरश्या आता मिळत नाहीत. तोवर तिच्या नळाचं सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरून गच्चीवरच्या कुंड्यांना जातं.