म्हापशात २४,७०० रुपयांचा धूर

ग्राफिक्स कार्ड २१,५००, एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) २,८५०, कन्व्हर्टर ३५०. एकूण २४,७०० रुपये. म्हापसा बाजारातल्या एका दुकानदाराने हा माल माझ्या गळ्यात मारला. आज त्यातलं काहीही चालत नाही.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. चवथीआधी कामं तुंबली होती म्हणून आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं. हे कार्ड १७० वॅटपर्यंत खातं. मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये ते बसतं, तिथून फार तर ७५ मिळतात, बाकीची वीज ८ पिनच्या वायरीतून यायला हवी. मी अडाणी नाही, म्हणूनच मुद्दाम विचारलं, "जुना एसएमपीएस बदलतोय, हा पुरेल ना?" खोक्यावरच्या ६५० आकड्यावर बोट ठेवून म्हणतो, "पात्रांव, टेन्शन घेवंक नाका."

खोकं उघडलं तर कार्डाला लागणारी ६+२ पिनची वायरच नाही! म्हणे ६५० वॅट, आणि ग्राफिक्स कार्डासाठी एक वायर नाही? तिथेच पैसे परत मागून उठायला हवं होतं, हे आता रोज रात्री आठवतं. पण त्याने बोलता बोलता खण ओढला आणि कन्व्हर्टर काढला. एका टोकाला साटा, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणारा प्लग, दुसऱ्या टोकाला कार्डाचा ८ पिन. "सगळे हेच लावतात." मशीन काउंटरवर उघडं पडलेलं, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. इतकी वर्षं हाच धंदा करणाऱ्याला तिथे खोटं ठरवणार कसं? साटाच्या पिनांना १२ व्होल्टवर ५४ वॅटच्या वर झेपत नाही. हे त्याला माहीत नव्हतं, असं मला कुणी सांगू नका.

पहिल्याच मोठ्या रेंडरला (एडिट केलेला व्हिडिओ कॉम्प्युटर तयार करतो तेव्हा) जळका वास. साटाचं प्लास्टिक वितळून पिवळ्या वायरीला चिकटलेलं, कार्ड मेलेलं. एसएमपीएस बाहेर काढून आतल्या बाजूचं लेबल वाचलं: १२ व्होल्टला १७ अँपिअर. गुणून बघा. २०४ वॅट! त्यातच कार्ड, प्रोसेसर, पंखे, सगळं. खोक्यावरचा आकडा वाचूच नका, १२ व्होल्टची ओळ वाचा.

दुकानदार म्हणतो, जळलेल्या मालाला वॉरंटी नाही. वर, "नवा घ्या, ८०० कमी करतो." लाज नावाची गोष्टच नाही!

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. सायबरवाले म्हणाले, व्यवहार ऑनलाइन नाही. एका सरकारी कचेरीत साहेब जेवायला गेलेले, मग मीटिंगला, मग थेट रजेवर. खिडकीवरच्या बाईंनी वितळलेला कन्व्हर्टर बघून विचारलं, "ह्याचं वजन कमी भरलं का?" आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: पक्कं बिल कुठाय? अहो, ते त्याने दिलं नाही हीच तर तक्रार! २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी त्यांना सांगायचं? कच्च्या पावतीवर पैसे देऊ नका, निदान यूपीआयने द्या. माझ्याकडे पुरावा तेवढाच आहे.

आणि हो, प्रोसेसरची ८ पिनची वायर कार्डाला लावू नका, तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. खाचा वेगळ्या असतात, पण जोर लावून बसवणारे महाभाग आहेत. मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या डब्याला तर कधीच नाही, खाच बसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दुकानदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली होती, ती त्याने न घेताच परत पाठवली.