अमेरिकन डिस्क, आपला प्लेअर आणि परग्रहवासी: उन्हाळा ते दिवाळी वापरून

आधी राग काढून घेतो. वर्षाची वर्गणी एकरकमी भरून मी एका ॲपवर ‘डीप स्पेस नाइन’ बघत होतो, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकांपैकी अवकाशस्थानकावर घडणारी. दुसरा सीझन निम्मा झाला आणि ऐन एप्रिलात मालिका गायब. कस्टमर केअरचा मुलगा गोड बोलला, ‘सर, कंटेंटचे हक्क संपले.’ हक्क तुमचे संपले, पैसे मात्र माझे गेले. परतावा नाहीच, वर महिनाभराची मुदतवाढ देतो म्हणे. म्हणजे जी मालिका नाही, ती आणखी महिनाभर न बघायची सोय.

भाचा अमेरिकेत असतो. मे महिन्यात लग्नाला येताना तो जुन्या डीव्हीडींची खोकी घेऊन आला: डीप स्पेस नाइनचे सातही सीझन, मूळ स्टार ट्रेकचे तिन्ही, ट्वायलाइट झोनचा पहिला आणि ‘एलियन नेशन’चा एकुलता एक. तिकडे डीव्हीडी आता कोणी विचारत नाही, त्यामुळे स्वस्तात पडलं. लग्नाची धावपळ आटोपून रात्री पहिली डिस्क घातली, तर प्लेअर म्हणतो चुकीचा रीजन. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचं कुलूप. अमेरिकेच्या डिस्कवर रीजन 1 असतो, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे. परक्यांचा द्वेष करू नका हे सांगणाऱ्या मालिका, आणि प्लेअर त्यांना परक्या म्हणून दारातूनच परत लावतोय! सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं, नवीन घ्या. शेवटी जळगावात गोलाणी मार्केटमधल्या एका पोरानं रिमोटवर काही आकडे दाबले आणि प्लेअर सगळ्या रीजनचा झाला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. बाहेरून डिस्क मागवणार असाल तर आधी आपल्या मॉडेलचा कोड निघतो का ते बघा.

चित्राबद्दल थोडक्यात. मूळ स्टार ट्रेक आणि त्यानंतरची ‘नेक्स्ट जनरेशन’ यांना पुढे एचडी रूप मिळालं, डीप स्पेस नाइनला नाही. शूटिंग फिल्मवर, पण संकलन व्हिडिओ टेपवर, त्यामुळे सगळं नव्यानं जोडायचा खर्च कोणी केला नाही. मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच. ॲपवरही तसंच दिसत होतं, फक्त वर्गणी जास्त होती.

आता मुद्दा. परक्याची भीती आणि द्वेष यावर विज्ञानमालिकांनी काय काम केलंय, याची एवढी स्तुती वाचली होती की सगळी खोकी त्याच नजरेनं बघायची ठरवली. जून संपेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात जात होती. या मालिकांत एका ग्रहाला एकच स्वभाव असतो. क्लिंगॉन म्हटला की लढणार. व्हल्कन म्हटला की तर्क. फेरेंगी म्हटला की पैसा. जन्मावरून माणूस ओळखू नका असं कॅप्टन सांगतो, आणि पटकथा मात्र जन्मावरूनच ओळखायला लावते. कपाळाला रबर चिकटवलं की स्वभाव ठरला.

मला हे जास्त टोचतं, कारण आम्ही खान्देशातले. पुण्यात पहिलं वाक्य, ‘तुम्ही खान्देशी ना? मग तिखट लागणार.’ आमच्या घरात दोघांना ॲसिडिटी आहे, शेवभाजीची तर्री बाजूला काढून खातात. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्याच्या अंगाला पावरी, मध्येच गुजरी. चोपड्याच्या बाजारात तासभर उभं राहिलं तरी यातल्या तीन-चार कानावर पडतात. आणि तिकडे अख्ख्या ग्रहाची एक भाषा, एक शिंप्याचा कपडा, एक राग. यावरून मी घरात इतक्यांदा बोललो की बायको आता रबरी कपाळ दिसलं की माझ्याआधीच म्हणते, ‘झालं, हा चिडका.’

सगळे जण ज्याची शिफारस करतात तो मूळ स्टार ट्रेकचा 10 जानेवारी 1969 चा भागही मला बटबटीत वाटला. केरॉन ग्रहाचे दोघं, बील आणि लोकाई, अर्धे काळे नि अर्धे पांढरे. एक उजवीकडून काळा, दुसरा डावीकडून, आणि तेवढ्यावरून जन्माचं वैर. शेवटी कळतं की ग्रहावर कोणी उरलेलंच नाही, तरी हे दोघं खाली उतरतात, भांडायला. मुद्दा पहिल्या दहा मिनिटांत पोचतो, उरलेला वेळ तोच पुन्हा.

त्यापेक्षा त्याच मालिकेतला 1966 चा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ बरा. शत्रू असलेले रोम्युलन दिसायला जहाजावरच्याच व्हल्कन अधिकारी स्पॉकसारखे निघतात आणि सहकारी स्टाइल्स स्पॉकवरच संशय घेतो. कॅप्टन कर्क त्याला फटकारतो, पण स्टाइल्स वळतो कधी, तर स्पॉक त्याला मरणातून ओढून काढतो तेव्हा. म्हणजे परक्यानं आधी जीव वाचवायचा, मग त्याला आपल्यात घ्यायचं. हा सौदा मला महाग वाटतो. बरं, स्पॉकही म्हणतो की मी फक्त एक प्रशिक्षित नॅव्हिगेटर वाचवला, जास्त काही नाही. हा तुसडेपणा मला फार आवडला. आभार नकोत, सर्टिफिकेट नको.

एवढं बघून जूनअखेर या सगळ्याला दोन स्टार दिले होते. ते आता बदलतोय.

कारण फेरेंगी. 1987 साली नेक्स्ट जनरेशनमध्ये त्यांना मोठे शत्रू म्हणून आणलं आणि लोक हसले. मोठे कान, पैशाचा हव्यास, हात चोळणं. यात ज्यूंच्या जुन्या द्वेषी व्यंगचित्रांची छाप दिसते अशी टीकाही झाली. त्यातलाच एक फेरेंगी झालेला आर्मिन शिमरमन पुढे डीप स्पेस नाइनमध्ये क्वार्क झाला. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात क्वार्क स्थानकाच्या प्रमुखाला, कमांडर सिस्कोला, तोंडावर सुनावतो की तुम्हा माणसांना आम्ही आवडत नाही, पण गुलामगिरी आणि छळछावण्या तुमच्या इतिहासात आहेत, आमच्या नाहीत. पुढे त्याचाच पुतण्या नॉग स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे सिस्कोच्या अवकाशदलात जायचं म्हणतो, बापासारखं आयुष्य नको म्हणून. एक फेरेंगी दुसऱ्यासारखा नाही हे दाखवायला यांनी कितीतरी भाग घालवले, आणि हे काम भाषणानं होत नाही, वेळच लागतो. ॲपनं नेमकं याच्या आधी मला बाहेर काढलं होतं.

पण सगळ्यात वसूल भाग पहिल्या सीझनमध्येच आहे, 1993 चा ‘ड्युएट’. ॲपवर एका डोळ्यानं बघून पुढे गेलो होतो. सीझनअखेर पैसे वाचवायला केलेला भाग: ना लढाई, ना नवा ग्रह, बहुतेक वेळ एक कोठडी आणि दोन माणसं. बजोर ग्रहावर कार्डेशियन या परग्रहवासीयांनी कब्जा केला होता. त्या काळात लढलेल्या, आता स्थानकावर अधिकारी असलेल्या बजोरी कीरासमोर मारिट्झा नावाचा कार्डेशियन कैदी येतो आणि तिची खात्री पटते की हाच गॅलिटेपच्या छळछावणीचा प्रमुख. तोही गुर्मीत सगळं कबूल करतो. प्रत्यक्षात तो तिथला फायली सांभाळणारा कारकून. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून पडणारा. आपल्या लोकांना गुन्हा कबूल करायला लावायचा, म्हणून त्यानं प्रमुखाचा चेहरा घेतलाय. कीरा त्याला सोडते, तेवढ्यात एक बजोरी माणूस त्याला भोसकतो. का, तर तो कार्डेशियन आहे, एवढं पुरे. कीरा म्हणते, नाही, एवढं पुरे नाही. हे वाक्य तिच्या तोंडी यायला जो भाग खर्ची पडला, त्याच्यापुढे केरॉनचे रंगवलेले दोघं फिके. सातही सीझनच्या अवकाशयुद्धांचा खर्च एकीकडे आणि हा एक स्वस्तातला भाग एकीकडे, मी हाच घेईन.

‘फार बियॉंड द स्टार्स’ (1998, सहावा सीझन) तर रबरच उतरवतो. 1953 चं न्यूयॉर्क, सिस्कोचा नट कृष्णवर्णीय लेखक बेनी रसेल होतो, आणि कृष्णवर्णीय कॅप्टनची कथा संपादक छापत नाही. बाकीचे नेहमीचे नटही मेकअपशिवाय. माझी तक्रार लेखकांनाही ठाऊक असावी असं वाटायला लागलं.

एलियन नेशन (1989-90, 22 भाग) घरात सगळ्यांनी बघितली. अडीच लाख परग्रहवासी गुलाम भरलेलं यान वाळवंटात उतरतं, पुढे ते लॉस एंजेलिसमध्ये राहतात, नोकरी करतात, शेजाऱ्यांच्या शिव्या खातात. अमळनेरची आत्या राहायला आली होती. ठिपक्यांचं टक्कल बघून तिनं विचारलं, ‘हाऊ मानूस शे का?’ पहिल्याच भागात त्यांच्यातल्या पोलीस जॉर्जच्या लहान मुलीला शाळेत येऊ देत नाहीत, तिथून आत्या त्यांच्या बाजूची झाली. या लोकांना नासक्या दुधाची नशा चढते हे कळल्यावर तर तिचं हसू थांबेना. आमचा अख्खा उन्हाळा ताकावर जातो. आणि इथं परकेही एकसारखे नाहीत. गुलामांवर देखरेख करणारे त्यांच्याच जातकुळीतले आहेत, मनगटावर खूण असलेले, आणि आता तेही याच शहरात लपून राहतात. माझ्या तक्रारीला एवढं नेमकं उत्तर दुसऱ्या कुठल्या खोक्यात मिळालं नाही.

ट्वायलाइट झोनचा ‘मेपल स्ट्रीट’ (1960) आमच्या गल्लीत बघायचा भाग आहे. रस्त्यावरची वीज जाते, एकाचीच गाडी आपोआप सुरू होते, आणि शेजारी त्यालाच परग्रहाचा हेर ठरवतात. परग्रहवासी लांब टेकडीवर बसून फक्त बटणं दाबत असतात. आमच्याकडे लाईट गेली आणि समोरच्याकडे असली की पहिला प्रश्न असतो त्यानं आकडा टाकलाय का. त्याची फेज वेगळी आहे, हे वायरमन येऊन सांगेपर्यंत अर्धी गल्ली त्याच्या दारात.

तर साडेतीन स्टार. अर्धा एलियन नेशननं घालवला. शेवटच्या भागात जॉर्जची बायको आणि मुलगी विषारी जंतूंनी आजारी पडतात, आणि मालिका तिथंच संपते, कारण तिकडच्या चॅनेलनं ती बंद केली. पुढचं 1994 पासूनच्या पाच टेलिफिल्म्समध्ये आहे आणि त्यांचं खोकं वेगळं, पैसे वेगळे. आत्या फोनवर दर वेळी विचारते, पोरगी वाचली का. तेव्हा घेणार असाल तर दोन्ही खोकी एकदमच घ्या, आणि दुकानदाराशी भाव दोन्हींचा मिळून करा.